‘नको’ म्हणण्याचा इतिहास : स्पॅमची गाळणी आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी

१/
आपल्या ईमेलमध्ये ‘स्पॅम’ नावाचा एक कप्पा असतो आणि प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘स्पॅम म्हणून कळवा’ असे एक लहानसे बटण असते. त्या बटणालाही इतिहास आहे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘कोणते पत्र नको, हे ठरवायचे कोणी?’ या एका प्रश्नावर जवळजवळ ५० वर्षे अभियंते, व्यापारी, वकील, न्यायालये आणि सामान्य माणसे भांडत आली आहेत. उत्तर दर दशकात बदलत गेले. ते कसे बदलले आणि त्यात तक्रार करणाऱ्या सामान्य वापरकर्त्याचा वाटा किती, याचा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा. 🧵

२/
आरंभ नोव्हेंबर १९७५ पासून करू. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले ‘अर्पानेट’ हे जाळे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांवर चालत होते आणि विद्यापीठांतले व संशोधनसंस्थांतले मोजके संगणक त्याला जोडलेले होते. त्या महिन्यात जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने एक छोटे टिपण प्रसृत केले. ‘आरएफसी ७०६’ हा त्याचा क्रमांक. विषय, नकोशा टपालाचा. पोस्टेल यांचे म्हणणे साधे होते : एखाद्या संगणकाला काही संदेश हवे असतील, तर येणारे सगळेच संदेश त्याला स्वीकारावे लागतात, निवडून नाकारण्याची सोयच नाही. गैरवर्तन करणाऱ्या, किंवा नुसत्या त्रासदायक असणाऱ्याही, प्रेषकाचे संदेश नाकारता यावेत, अशी त्यांची सूचना होती.

३/
‘त्रासदायक’ हा शब्द ध्यानात ठेवावा. या धाग्यात तो पुन्हा भेटणार आहे, तोही आपल्या पालघरमध्ये. बिघडलेला संगणक ओळखणे सोपे, कारण बिघाड मोजता येतो. त्रास मात्र ज्याचा त्यालाच कळतो. एकाला कटकट वाटणारी जाहिरात दुसऱ्याला उपयोगी वाटू शकते. पोस्टेल यांनी दारावर कडी हवी, एवढे सांगितले. कडी कोणी लावायची, हा प्रश्न त्या टिपणात नव्हता. पुढचा सारा इतिहास त्या प्रश्नाचा आहे.

४/
अडीच वर्षांनी, मे १९७८ च्या प्रारंभी, तो प्रश्न प्रत्यक्ष दारात आला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही संगणक बनवणारी कंपनी. तिचे विपणन पाहणारे गॅरी थर्क यांना कॅलिफोर्नियात नव्या ‘डेकसिस्टिम-२०’ मालिकेतल्या संगणकांची प्रात्यक्षिके भरवायची होती. प्रत्येकाला वेगळे निमंत्रण धाडण्याऐवजी अर्पानेटच्या छापील सूचीतून पश्चिम किनाऱ्यावरचे पत्ते उतरवून घेतले गेले आणि सुमारे ४०० जणांना एकच पत्र गेले. पत्ते इतके होते की, पत्त्यांसाठी राखलेल्या जागेत ते मावले नाहीत. उरलेले पत्ते थेट मजकुरात सांडले. आज या पत्राला पहिले स्पॅम म्हणून ओळखले जाते.

५/
प्रतिक्रिया तत्काळ आल्या. सरकारी कामासाठी असलेल्या जाळ्यावर व्यापारी जाहिरात म्हणजे नियमभंग, अशी तंबी जाळ्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने दिली. मात्र सर्वांचे मत एक नव्हते. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमुळे प्रसिद्ध झालेले रिचर्ड स्टॉलमन यांचा प्रारंभीचा सूर वेगळा होता : कोणाच्या घरी बाळ जन्मले याचीही पत्रे येतच असतात, त्यांपेक्षा संगणकाचे प्रात्यक्षिक कदाचित अधिक रंजक ठरले असते. इकडे या पत्रामुळे कंपनीची लक्षावधी डॉलरांची विक्री झाली, असा दावा थर्क यांनी पुढे केला. पहिल्याच प्रकरणात तिन्ही पात्रे हजर होती : नियम सांगणारा अधिकारी, नफा मोजणारा प्रेषक आणि आपापली आवडनिवड असलेले वाचक.

६/
या उपद्रवाला नाव मात्र उशिरा मिळाले. ‘स्पॅम’ हे अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे व्यापारी नाव. १९७० च्या डिसेंबरात ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एक प्रहसन झाले. त्यातल्या उपाहारगृहात जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असतोच आणि त्या शब्दाच्या गजरात इतर कोणाचे बोलणे ऐकूच येत नाही. संगणकावरच्या गप्पांमध्ये तोच तोच मजकूर ओतून इतरांचे संभाषण बुडवणाऱ्यांना हे नाव चपखल बसले. नावातच व्याख्या दडली आहे : मजकूर काय आहे यापेक्षा, तो इतरांचा आवाज दाबतो, हा मुख्य आक्षेप.

७/
१२ एप्रिल १९९४. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातले लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल हे वकील दांपत्य. स्थायी वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, सोडतीने देण्याची योजना तेव्हा चालू होती. त्या सोडतीचा अर्ज भरून देण्याच्या सेवेची जाहिरात त्यांनी ‘यूजनेट’ या चर्चाव्यवस्थेतल्या ५,००० हून अधिक गटांत एकाच झपाट्यात टाकली. गटाचा विषय कोणताही असो, जाहिरात तीच. संतप्त वाचकांच्या तक्रारींचा असा लोंढा आला की, दांपत्याला जोडणी पुरवणाऱ्या कंपनीचे संगणक वारंवार कोलमडले आणि शेवटी तिने त्यांचे खाते बंद केले. दांपत्याने माफी तर मागितली नाहीच. उलट या मार्गाने पैसा कसा मिळवावा, यावर पुस्तक लिहिले.

८/
या प्रसंगाने एक गोष्ट दाखवून दिली : तक्रार ही शक्ती आहे, पण तिला वाट काढून दिली नाही, तर ती स्वतःच पूर होते. म्हणून तक्रारीला पत्ता देण्यात आला. मे १९९७ च्या ‘आरएफसी २१४२’ या दस्तऐवजात प्रत्येक संस्थेने कोणत्या नावांच्या टपालपेट्या ठेवाव्यात, याचे संकेत ठरले. त्यांत गैरवापराच्या तक्रारींसाठी ‘अब्यूज’ हे नाव होते. आता पीडित वाचक तक्रार कुठे करायची हे जाणत होता. पण ती वाचायची माणसाने आणि निर्णय घ्यायचा तोही माणसाने. स्पॅम यंत्राच्या वेगाने येत होते, न्याय मात्र हाताने होत होता.

९/
मग काही प्रशासकांनी कठोर मार्ग पत्करला. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी ‘मॅप्स’ या नावाने एक काळी यादी चालवायला आरंभ केला. (हे नाव रोमन लिपीत उलटे वाचले की ‘स्पॅम’ होते.) स्पॅम सोडणाऱ्या किंवा त्याला थारा देणाऱ्या संगणकांचे पत्ते त्या यादीत जात. जगभरचे टपालप्रशासक ती यादी पाहून, त्या पत्त्यांकडून येणारे टपाल दारातच नाकारत. पोस्टेल यांनी मागितलेली कडी अखेर बसली होती. ती लावणे-काढणे मात्र मूठभर प्रशासकांच्या हाती होते.

१०/
आणि इथे सुक्याबरोबर ओलेही जळू लागले. एका संगणकावरून शेकडो निरपराध माणसांचे टपाल जात असते. त्यातला एक जण स्पॅम पाठवतो आणि संपूर्ण पत्ता यादीत जातो. आपले पत्र का पोहोचले नाही, हे बिचाऱ्यांना कळतही नसे. २००० साली जनमत चाचण्या घेणाऱ्या हॅरिस इंटरॲक्टिव्ह या कंपनीने तर मॅप्स आणि काही टपालसेवा यांच्याविरुद्ध दावाच लावला : आम्हाला बहिष्कृत ठरवण्याचा अधिकार यांना दिला कोणी? स्पॅमविरोधी बाजू नैतिकदृष्ट्या कितीही योग्य वाटो, या प्रश्नाला तिच्यापाशी सोपे उत्तर नव्हते.

११/
दुसरा मार्ग शब्दांचा. अमुक शब्द आला की पत्र अडवा. हा मार्ग किती भोळा होता, याचे उदाहरण ईमेलच्या बाहेरचे असले तरी बोलके आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प या गावच्या रहिवाशांना एओएल सेवेत नाव नोंदवता येईना. कारण काय, तर गावाच्या नावात इंग्रजीतल्या एका अश्लील शब्दाची अक्षरे सलग येतात! यंत्राला अक्षरे दिसत होती, गाव दिसत नव्हते. आजही अशा चुकीला ‘स्कनथॉर्पची समस्या’ म्हणतात. उलट बाजूला स्पॅम पाठवणारे अक्षरांच्या जागी अंक घालून, शब्द तोडून, याच गाळणीतून सहज निसटत.

१२/
२००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी ‘स्पॅमअसॅसिन’ ही मुक्त गाळणी प्रसिद्ध केली. तिचा विचार अधिक प्रगल्भ होता : एका लक्षणावरून शिक्षा नको. पत्रातल्या प्रत्येक संशयास्पद लक्षणाला गुण द्यावेत आणि बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली, तरच ते स्पॅम मानावे. वैद्य अनेक लक्षणे जुळवून निदान करतो, तसेच काहीसे. तरीही लक्षणांचे नियम मुख्यतः तज्ज्ञ लिहीत. नियम सर्वांना खुले असल्याने स्पॅम पाठवणाराही आपले पत्र आधी त्या गाळणीतून घालून पाहू शके आणि गुण कमी होईपर्यंत मजकूर बदलत राही. परीक्षेची उत्तरपत्रिका परीक्षेआधीच फुटलेली होती.

१३/
वळण आले ते एका जुन्या गणितातून. टॉमस बेज हे १८ व्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक. त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, त्यांचा संभाव्यतेवरचा निबंध मित्र रिचर्ड प्राइस यांनी रॉयल सोसायटीपुढे ठेवला. परिणाम पाहून कारणाची शक्यता कशी अजमावावी, हा त्यातला गाभा. १९९८ मध्ये मेहरान सहामी, सुसान ड्युमे, डेव्हिड हेकरमन आणि एरिक हॉर्विट्झ यांनी हा विचार नकोशा ईमेलला लावून दाखवला. नियम तज्ज्ञांनी लिहायचे नाहीत. माणसांनी ‘हे हवे, हे नको’ अशी वर्गवारी केलेली पत्रे यंत्राला द्यायची आणि फरक त्यालाच शोधू द्यायचा.

१४/
एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, तुम्ही १,००० नकोशी आणि १,००० हवीशी पत्रे वेगळी करून दिली. ‘लॉटरी’ हा शब्द नकोशांपैकी २०० पत्रांत आणि हव्याशांपैकी फक्त २ पत्रांत सापडला. मग तो शब्द असलेले नवे पत्र नकोसे असण्याची शक्यता २०० भागिले २०२, म्हणजे सुमारे ९९ टक्के. आता दुसरा माणूस घ्या : म्हाडाच्या घरासाठी अर्ज करून सोडतीकडे डोळे लावून बसलेला मुंबईकर. त्याच्या हव्याशा पत्रांतही ‘लॉटरी’ वारंवार येणार. समजा, ती १५० पत्रांत आली. शक्यता लगेच २०० भागिले ३५०, म्हणजे सुमारे ५७ टक्क्यांवर उतरते. शब्द तोच, माणूस वेगळा, निकाल वेगळा. अर्थात गाळणी एका शब्दावर थांबत नाही. अनेक शब्दांची अशी साक्ष एकत्र करते.

१५/
ऑगस्ट २००२ मध्ये प्रोग्रॅमर आणि निबंधकार पॉल ग्रॅहम यांनी या पद्धतीवर एक निबंध लिहिला आणि ती घराघरांत पोहोचली. त्यांनी स्वतःकडची सुमारे ४,००० नकोशी आणि तितकीच हवीशी पत्रे यंत्राला दिली. यंत्राने शोधून काढलेली एक खूण मोठी गमतीची होती : ‘एफएफ००००’. वेबपानावर लाल रंग दाखवण्याचा हा संकेत. भडक लाल अक्षरांतली पत्रे बहुधा स्पॅमच असतात, हे कोणत्याही तज्ज्ञाने यंत्राला सांगितले नव्हते. वाचकाने केलेल्या वर्गवारीतून ते त्याचे त्यालाच उमगले.

१६/
ग्रॅहम यांच्या निबंधातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची कल्पना गणिताची नाही, बटणाची आहे. पत्र पुसण्यासाठी एक बटण असते. तिथे दोन असावीत, असे त्यांनी सुचवले. एक साधे पुसण्याचे, दुसरे ‘स्पॅम म्हणून पुसण्याचे’. तोवर वाचक नकोसे पत्र फेकून देई आणि त्याचा वैताग त्याच्यापुरता विरून जाई. दुसऱ्या बटणामुळे तो वैताग माहिती बनला. पुसण्याची कृती तर रोजचीच होती. तिच्यातून शिकवण्याचे काम विनासायास होऊ लागले. मार्च २००३ च्या मोझिला १.३ मध्ये अशी शिकणारी गाळणी आली आणि सामान्य वाचकाच्या हाती ते बटण पडले.

१७/
इथे एक मूल्यविचारही होता. गाळणीच्या चुका दोन प्रकारच्या : स्पॅम आत येणे आणि चांगले पत्र बाहेर राहणे. पहिली चूक त्रासाची, दुसरी घाताची. कारण नोकरीचे बोलावणे स्पॅमच्या कप्प्यात पडून राहिले, तर त्याची तक्रारही होत नाही. जे मिळालेच नाही, त्याची तक्रार कशी करणार? म्हणून १९९८ च्या त्या संशोधकांनी ९९.९ टक्के खात्री असल्याखेरीज पत्राला नकोसे म्हणायचे नाही, असा दंडक ठेवला. ग्रॅहम यांनी चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी दुप्पट धरली. संशयाचा फायदा आरोपीला, हे न्यायतत्त्व गणितात असे उतरले.

१८/
पण प्रत्येकाने एकट्याने का शिकवायचे? हा प्रश्न विपुल वेद प्रकाश या भारतीय तरुणाने विचारला. १९९८ मध्ये त्यांनी ‘विपुल्स रेझर’ ही सामुदायिक गाळणी लिहिली. स्पॅम एकाच वेळी लाखोंना जाते. मग पहिल्या काही जणांनी ओळखले की उरलेल्यांना का कळू नये? वाचकाने पत्र नकोसे ठरवले की, त्याचा गणिती ठसा एका सामायिक नोंदवहीत जाई. तोच ठसा असलेले पत्र दुसऱ्याच्या दारात आले की ओळखले जाई. गावात एकाने चोर पाहिला आणि हाळी देऊन वाडी-वस्ती सावध केली, तसे हे. याच कल्पनेवर पुढे ‘क्लाउडमार्क’ ही कंपनी उभी राहिली.

१९/
मात्र ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कोणी स्वतः मागवलेली वार्तापत्रेही कंटाळून स्पॅम म्हणून कळवी. कोणी मुद्दाम खोटे कळवी. मग हाळी देणाऱ्याची पत ठरवणे आले. २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेझरने तशी व्यवस्था आणली. तुमचे म्हणणे इतर विश्वासू वाचकांशी जुळत गेले, तर तुमच्या मताचे वजन वाढते; वारंवार फिरले, तर घटते. प्रत्येकाला मत होते, पण सर्वांची मते समान नव्हती. लोकशाही आणि तज्ज्ञशाही यांमधला हा एक तिसराच घाट होता. पत आता पदावरून ठरत नव्हती, पूर्वीच्या साक्षींवरून ठरत होती.

२०/
त्याच काळात मोठ्या टपालसेवांनी हे बटण आपलेसे केले. एओएलने ‘फीडबॅक लूप’ची पद्धत रूढ केली : ग्राहकाने पत्र स्पॅम म्हणून कळवले की, ती तक्रार ज्या जाळ्यावरून पत्र निघाले, त्याच्या चालकाकडे परत जाई. त्यामुळे प्रामाणिक प्रेषकाला ‘हा माणूस कंटाळला, याचे नाव काढा’ हे समजू लागले. अशा तक्रारींचा सामायिक नमुना ऑगस्ट २०१० मध्ये ‘आरएफसी ५९६५’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९९७ ची तक्रारपेटी माणसाने वाचायची होती. २०१० ची तक्रार एका यंत्राने दुसऱ्याला सांगायची होती.

२१/
पण बटण एक आणि त्यामागचे अर्थ अनेक. कोणी फसवणूक ओळखून ते दाबतो. कोणी दुकानाच्या रोजच्या सवलतींना विटून. सेवा मात्र दोन्हींना एकच समजते. नाव काढून घेण्याचा दुवा पत्राच्या तळाशी असतो, तो लोक का वापरत नाहीत? कारण त्या दुव्यावर टिचकी मारली की ‘हा पत्ता जिवंत आहे’ हे स्पॅमवाल्याला कळते, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. ताक फुंकून पिण्याची सवय लागली होती. म्हणून जानेवारी २०१७ च्या ‘आरएफसी ८०५८’ मध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय प्रमाणित झाली. लोक बटण ‘चुकीचे’ वापरतात, असे म्हणून भागत नाही. ते तसे का वापरतात, हे ओळखणे हीच खरी सुधारणा.

२२/
आणि चोरही शिकत होते. काहींनी स्पॅमच्या तळाशी निरागस शब्दांची रास ओतून गाळणीचे गणित बिघडवायचा प्रयत्न केला. काहींनी मजकूर चित्रात लपवला. सर्वांत धूर्त युक्ती मात्र बटणावरच घाला घालणारी होती. हजारो खोटी खाती उघडायची, आपलेच स्पॅम तिथे पाठवायचे आणि ‘हे स्पॅम नाही’ असे कळवायचे! याहू मेलमधल्या अशा खोट्या साक्षींवर २०११ मध्ये संशोधन प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये गूगलच्या एका संशोधकानेही जीमेलवर असे हल्ले झाल्याचे जाहीरपणे लिहिले. जिथे लोकमताला किंमत येते, तिथे खोटे लोकमत तयार करण्याचा धंदाही येतो. निवडणुकांचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही.

२३/
कायदा काय करत होता? अमेरिकेत १६ डिसेंबर २००३ रोजी ‘कॅन-स्पॅम’ कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांची स्वाक्षरी झाली. न विचारता पत्र पाठवणे त्याने बेकायदा ठरवले नाही. खोटा प्रेषक, फसवा विषय यांवर बंदी घातली आणि नाव काढण्याची विनंती १० कामकाजी दिवसांत पाळण्याचे बंधन घातले. पुढच्याच महिन्यात दाव्होस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असे भाकीत केले. ते किती खरे ठरले, हे आपला स्पॅमचा कप्पा उघडून ज्याने त्याने पाहावे.

२४/
भारतात आता पोस्टेल यांचा तो शब्द परत येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ आले. त्याच्या एका पोटकलमात त्रास वा गैरसोय व्हावी या हेतूने, किंवा प्रेषकाविषयी दिशाभूल करण्यासाठी, पाठवलेल्या ईमेलचा समावेश होता. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. स्पॅमला हात घालू शकेल, असे आपल्या कायद्यातले ते शब्द. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली, ती याच कलमाच्या आधारे. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलम रद्द केले. त्यातल्या संज्ञा संदिग्ध आहेत, हे एक प्रमुख कारण.

२५/
दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘त्रास’ म्हणजे काय, हे राज्यसत्तेने एकदाच सर्वांसाठी ठरवायचे म्हटले, तेव्हा एका पोस्टसाठी तुरुंगाची वाट दिसली. गाळणीने तोच प्रश्न प्रत्येक वाचकाला त्याच्या-त्याच्या पत्रापुरता विचारला. उत्तर चुकले, तर पत्र कप्प्यातून परत काढता येत होते. व्याख्या तितकीच धूसर होती, परंतु चुकीची किंमत आणि दुरुस्तीची वाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. संदिग्ध शब्द पोलिसाच्या हाती आणि तोच शब्द वाचकाच्या बटणात, या फरकाचा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा.

२६/
आजची स्थिती? २०१५ मध्ये गूगलने दावा केला की, जीमेलच्या इनबॉक्समध्ये स्पॅमचे प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी आहे आणि चुकून स्पॅम ठरणाऱ्या चांगल्या पत्रांचे प्रमाण ०.०५ टक्क्याहून कमी. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक प्रेषकांना नियम घातला : ओळख प्रमाणित करा, एका टिचकीत नाव काढू द्या आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा. म्हणजे १,००० पत्रांमागे ३ वाचकांनी बटण दाबले, तरी प्रेषकाची पत धोक्यात. ४०० जणांना बिनदिक्कत पत्र धाडणाऱ्या १९७८ पासून हा प्रवास केवढा मोठा आहे!

२७/
तरीही विजयोत्सव करण्याचे कारण नाही. ०.०५ टक्के म्हणजे २,००० पत्रांत १. ज्याचे ते एक पत्र असेल, त्याला टक्केवारीचे समाधान नाही. पूर्वीची काळी यादी निदान चार माणसे चालवत आणि त्यांच्यावर दावा तरी लावता येई. आज निकाल कोट्यवधी बटणांतून आणि दोन-चार कंपन्यांच्या बंद दारांआडच्या गणितातून येतो. अपील कुठे करायचे, हे लहान प्रेषकाला कळत नाही. शिवाय गाळणी शिकते ती तिला मिळालेल्या उदाहरणांतून. ज्या भाषेत पत्रे थोडी आणि अभिप्राय त्याहून थोडे, त्या भाषेतल्या पत्रांविषयी ती कमी शिकणार, हे ओघानेच आले. मराठीतल्या छोट्या नियतकालिकांनी याचा विचार करावा.

२८/
म्हणून शेवटी एक साधी विनंती. स्पॅमचा कप्पा आठवड्यातून एकदा चाळावा. जीमेल तिथली पत्रे ३० दिवसांनी कायमची पुसते, म्हणजे हे दफ्तर महिन्याभराचेच. चुकून अडकलेले पत्र दिसले, तर ते वाचून सोडू नये. ‘हे स्पॅम नाही’ असे कळवावे. ‘नको’ म्हणायला आपण पटकन शिकलो. ‘हे हवे होते’ हे सांगण्याची सवय अजून लागायची आहे. गाळणीला दोन्ही साक्षी लागतात.

आपल्या स्पॅमच्या कप्प्यात कोणते चांगले पत्र अडकलेले सापडले, तेही जरूर लिहावे. धागा उपयोगी वाटला, तर इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवावा. 🙏